बर्ड फ्लूच्या दिवसांत चिकन, अंडी आणि दूध : कोणती शंका धरावी, कोणती सोडावी

मे १९९० मध्ये ब्रिटनचे तत्कालीन कृषिमंत्री जॉन गमर यांनी वृत्तछायाचित्रकारांसमोर गोमांसाचा बर्गर स्वतः खाल्ला आणि आपल्या लहान मुलीपुढेही धरला. गाईंमधील ‘मॅड काऊ’ रोगापासून माणसाला धोका नाही, हे लोकांना पटवण्यासाठी केलेला तो खटाटोप होता. पुढे जवळपास सहा वर्षांनी, २० मार्च १९९६ रोजी, त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत सांगावे लागले की, माणसांमध्ये आढळलेल्या मेंदूच्या एका नव्या जीवघेण्या आजाराचा संबंध या रोगाशी असण्याची दाट शक्यता आहे. अन्नसुरक्षेच्या सरकारी ग्वाहीला लोक तेव्हापासून जरा जपूनच कान देतात. त्यामुळे बर्ड फ्लूच्या साथीत एखादा पुढारी कॅमेऱ्यासमोर कोंबडीची तंगडी खाताना दिसला, तरी त्याने कोणाचे समाधान होत नाही. होऊही नये, कारण त्या तंगडीने काहीच सिद्ध होत नाही.

तरीही या दोन रोगांत एक मूलभूत फरक आहे आणि पुढचे सगळे विवेचन त्यावरच उभे आहे. मॅड काऊला कारणीभूत असलेले प्रिऑन हे विकृत घडणीचे प्रथिन स्वयंपाकाच्या आचेने नष्ट होत नाही. बर्ड फ्लूचा विषाणू मात्र स्निग्ध द्रव्याच्या पातळ वेष्टनात गुंडाळलेला असतो आणि उष्णतेपुढे काय किंवा साबणापुढे काय, त्याचा निभाव लागत नाही. म्हणून नीट शिजलेल्या घासाची भीती अनाठायी ठरते. पण तो घास शिजेपर्यंत कच्चा पक्षी, कच्चे अंडे आणि निरसे, म्हणजे न तापवलेले, दूध ज्या हातांतून, फळीवरून आणि भांड्यांतून जाते, तेथली शंका मात्र रास्त आहे. लोकांच्या संशयात खोट नाही. तो ताटावर रोखलेला असतो, आणि रोखायला हवा तो ताटाच्या बराच अलीकडे.

पहिली पायरी : शंका सुट्या करून घेणे

या विषयावरच्या बहुतेक वादांत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. हा विषाणू माणसाला घातक आहे का? तो अन्नातून येतो का? आणि हे सांगणाऱ्या यंत्रणेवर विश्वास ठेवावा का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की लोक दुसऱ्याचेही ‘हो’ धरून चालतात, आणि तिसऱ्याचे ‘नाही’ आले की पहिल्या दोहोंची तपासणीच थांबते. म्हणून हे प्रश्न आधी वेगळे करावेत.

विषाणू घातक आहे, यात संशय नाही. आज चर्चेत असलेल्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ या प्रकारच्या विषाणूचे मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका हंसात सापडले. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची लागण झाली आणि त्यांपैकी ६ जण दगावले. २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे जगभरातून नोंदवल्या गेलेल्या रुग्णांची संख्या हजाराच्या जवळपास आहे आणि त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू पावले आहेत. मात्र हे ‘निम्मे’ जपून वाचावे. नोंद होते ती रुग्णालयात पोहोचलेल्या गंभीर रुग्णाची. सौम्य ताप येऊन घरीच बरा झालेला माणूस या हिशेबात सहसा येत नाही, त्यामुळे खरे प्रमाण कमी असण्याचाच संभव अधिक आहे. शिवाय हा विषाणू पेशीवरील ज्या शर्करायुक्त खुंट्यांना चिकटतो, त्या पक्ष्यांच्या आतड्यांत व श्वसनमार्गात मुबलक असतात, तर माणसात त्या मुख्यतः फुप्फुसाच्या खोल भागात आणि डोळ्याच्या अस्तरात असतात. माणसाकडून माणसाकडे तो अद्याप सहजासहजी पसरलेला नाही, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. अमेरिकेतील गोठ्यांवर लागण झालेल्या अनेक कामगारांमध्ये डोळे लाल होणे हेच मुख्य लक्षण दिसले, त्याचाही उलगडा यातून होतो.

आता दुसरा प्रश्न. १९९७ च्या हाँगकाँगच्या साथीनंतर रुग्णांची आणि त्याच परिसरातील निरोगी माणसांची तुलना करण्यात आली. आजारापूर्वीच्या आठवड्यात जिवंत पक्ष्यांच्या बाजारात संपर्क आलेल्यांचे प्रमाण रुग्णांमध्ये ६४ टक्के, तर निरोगी माणसांमध्ये २९ टक्के निघाले. कोंबडी शिजवणे किंवा खाणे यांचा मात्र आजाराशी संबंध आढळला नाही. पुढच्या काळातील घटनांमधूनही साधारण हेच चित्र पुढे आले. अझरबैजानमध्ये २००६ साली तरुण मुलामुलींचा एक गट आजारी पडला, तो मेलेल्या रानहंसांची पिसे उपटल्यामुळे. व्हिएतनाममध्ये काही रुग्णांचा माग बदकाच्या कच्च्या रक्तापासून केलेल्या पदार्थापर्यंत गेला. थायलंडमधील एका व्याघ्र-उद्यानात २००४ साली कच्च्या कोंबड्या खायला घातलेल्या ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. या घटनांमध्ये शिजवलेले अन्न कोठेही नाही; आहेत ती पिसे, विष्ठा, कच्चे रक्त आणि कच्चे मांस. तोंडावाटे लागण होऊच शकत नाही, असे यावरून म्हणता येणार नाही, आणि ज्यांना तसे ठासून सांगायचे असते त्यांनी त्या वाघांची आठवण ठेवावी. नीट शिजवलेल्या चिकनमुळे किंवा अंड्यामुळे माणसाला लागण झाल्याचा पुरावा मात्र आजवर मिळालेला नाही.

तिसऱ्या, विश्वासाच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ, कारण त्याचे उत्तर विधानाने देता येत नाही.

दुसरी पायरी : बातमीतला शब्द तपासणे

बातमीत ‘बर्ड फ्लू आढळला’ एवढेच म्हटलेले असते. वाचणाऱ्याने आणखी दोन गोष्टी शोधाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे विषाणू अतिघातक आहे की अल्पघातक. हे शब्द कोंबड्यांच्या संदर्भातले आहेत, माणसांच्या नव्हे. विषाणूच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन कापले गेल्याखेरीज त्याला पेशीत शिरता येत नाही. अल्पघातक प्रकारात ते कापणारी विकरे (एन्झाइम) फक्त श्वसनमार्गात व आतड्यांत असतात, म्हणून विषाणू तेथेच अडकून राहतो. अतिघातक प्रकारात त्या प्रथिनाची घडण अशी असते की, शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीतील विकर ते कापू शकते. परिणामी विषाणू रक्तातून सर्वत्र पसरतो आणि स्नायूंत, म्हणजे आपण ज्याला मांस म्हणतो त्यात, तसेच अंड्याच्या पांढऱ्यात व बलकातही सापडतो. ‘विषाणू मांसात नसतोच’ हा दिलासा म्हणूनच चुकीचा आहे. तो असू शकतो, पण शिजवल्यावर जिवंत राहत नाही, हे त्यातले अचूक विधान होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : सापडले ते काय, जिवंत विषाणू की त्याचे अवशेष? २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टेक्सास व कॅन्ससमधील दुभत्या गाईंना एच५एन१ची लागण झाल्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर तेथील अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतील पाश्चरीकृत, म्हणजे ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवून जंतू मारलेल्या, दूध व दुग्धपदार्थांचे २९७ नमुने तपासले. जवळपास प्रत्येक पाचव्या नमुन्यात विषाणूच्या जनुकीय खुणा सापडल्या. मथळे अर्थातच तेवढ्यावर झाले. परंतु ही पीसीआर चाचणी जनुकीय तुकडे ओळखते आणि ते तुकडे मेलेल्या विषाणूचेही असू शकतात. जळून गेलेल्या वहीची राख पाहून वही होती एवढे कळते, तिच्यात आता लिहिता येत नाही. म्हणून त्या नमुन्यांतील द्रव भ्रूण वाढत असलेल्या कोंबडीच्या अंड्यांत टोचून विषाणूची वाढ होते का, हे पाहिले गेले. एकाही नमुन्यात जिवंत विषाणू निघाला नाही. पुढच्या वेळी अशी बातमी दिसली की ‘वाढवून पाहिले का?’ हा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर बातमीत नसेल, तर घाबरण्याइतकी माहिती अजून हाती आलेली नाही असे समजावे, आणि निश्चिंत होण्याइतकीही नाही.

तिसरी पायरी : विकत घेताना

येथे फारसे गूढ काही नाही. जिवंत पक्ष्यांच्या बाजारात जाणे साथीच्या काळात टाळावे, आणि जायचेच झाले तर मुलांना बरोबर नेऊ नये. पक्षी डोळ्यांसमोर कापून घेतला की तो ताजा व म्हणून सुरक्षित, ही समजूत या रोगापुरती उलटी पडते. कापताना आणि पिसे काढताना उडणारे तुषार व धूळ हाच लागणीचा मुख्य मार्ग आहे. साफ केलेले, थंड साखळीत ठेवलेले मांस घेणे अधिक बरे. ‘पक्षी तरतरीत दिसत होता’ हा निकष कोंबडीला काही अंशी लागू पडतो, कारण अतिघातक विषाणूने कोंबड्या एक-दोन दिवसांत झपाट्याने मरतात. बदकाला तो लागू पडत नाही. बदके लागण होऊनही कित्येकदा आजारी दिसत नाहीत.

फार स्वस्तात आणि घाईने विकल्या जाणाऱ्या पक्ष्यांविषयी मात्र संशय जरूर बाळगावा. मरतुक सुरू झालेल्या कळपातले उरलेले पक्षी विकून मोकळे होण्याचा मोह कोणत्याही पशुपालकाला होऊ शकतो.

चौथी पायरी : ओट्यावर

हीच सगळ्यांत दुर्लक्षित जागा आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळावे लागेल.

गोठवलेले मांस सुरक्षित असते, हा गैरसमज आधी सोडावा. थंडीने विषाणू मरत नाही, उलट टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार पक्ष्यांच्या विष्ठेत एच५एन१ विषाणू ३७ अंश सेल्सिअसला सुमारे सहा दिवस, तर ४ अंशांना निदान ३५ दिवस जगू शकतो. म्हणजे फ्रीजमध्ये ठेवलेली पिशवी ही काळजीतून सुटका नव्हे. मांस फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या भांड्यात ठेवावे, जेणेकरून त्याचे पाणी कोथिंबिरीवर किंवा फळांवर ठिबकणार नाही. गोठवलेल्या मांसाचा बर्फ वितळवायचा असेल तेव्हाही ते मांस आदल्या रात्री फ्रीजच्याच खालच्या कप्प्यात काढून ठेवावे; ओट्यावर दिवसभर पडलेल्या पिशवीत बर्ड फ्लूचा विषाणू वाढत नाही, कारण त्याला जिवंत पेशी लागते, पण जिवाणू जोमाने वाढतात.

यानंतरची सूचना अनेकांना पटत नाही : कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये. स्वच्छतेची सवय असलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नळाची धार मांसावर पडते तेव्हा काय होते, हे एकदा काळ्या दगडाच्या ओट्यावर, तिरप्या उजेडात पाहावे. बारीक थेंब सिंकच्या काठावर, शेजारी उपड्या घातलेल्या पेल्यांवर, आपल्या मनगटावर आणि पुष्कळदा चेहऱ्यावरही उडालेले दिसतात. धुण्याने मांसातले जंतू जात नाहीत, ते स्वयंपाकघरभर पसरतात. बर्ड फ्लू नसलेल्या वर्षीही साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू याच वाटेने पोटात जातात, आणि खरे सांगायचे तर कच्च्या चिकनमुळे माणसे आजारी पडतात ती प्रामुख्याने या दोघांमुळे. मांसाला लागलेले पीस किंवा रक्ताची गाठ कागदी रुमालाने टिपून घ्यावी आणि तो कागद लगेच झाकणाच्या कचरापेटीत टाकावा. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात मांस हलकेच बुडवून काढावे, पाणी सावकाश ओतावे आणि नंतर सिंक साबणाने घासावे. धार तेवढी सोडू नये.

कापण्याची फळी आणि सुरी कच्च्या मांसासाठी वेगळी असावी. ती नसेल तर क्रम बदलावा : कोशिंबिरीचे आणि कच्चे खायचे सगळे आधी चिरून झाकून ठेवावे, मांस शेवटी कापावे आणि लगेच फळी, सुरी व हात साबणाने धुवावेत. हाताला वीस सेकंद साबण चोळल्याने विषाणूचे स्निग्ध वेष्टन फाटते. नुसत्या पाण्याने तसे होत नाही. सर्वांत बेसावध क्षण दोन आहेत. एक म्हणजे मांस लागलेल्या हाताने मिठाचा किंवा तिखटाचा डबा उघडणे. मीठ आधीच वाटीत काढून ठेवले तर हा प्रश्न उरत नाही. दुसरा म्हणजे कच्चे तुकडे ज्या चिमट्याने किंवा ताटातून कढईत सोडले, त्याच चिमट्याने आणि ताटात शिजलेले तुकडे काढणे. तीच गोष्ट मुरवणीची : ज्या मसाल्यात कच्चे तुकडे मुरत होते, तो उरलेला मसाला उकळल्याशिवाय वरून ओतू नये.

पाचवी पायरी : आच

‘नीट शिजवा’ हा सल्ला सगळेच देतात. नीट म्हणजे किती, हे क्वचितच सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा आहे की, पदार्थाच्या सर्व भागांचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले पाहिजे. अमेरिकी कृषी खाते कोंबडीसाठी ७४ अंश सांगते. तापमानाबरोबर वेळही मोजावा लागतो. जागतिक पशु आरोग्य संघटनेने कोंबडीच्या मांसातील विषाणू निष्क्रिय होण्यासाठी दिलेल्या तक्त्यात गाभ्याचे तापमान ६० अंश असेल तर ५०७ सेकंद, ६५ अंशांना ४२ सेकंद, ७० अंशांना साडेतीन सेकंद आणि ७३.९ अंशांना जेमतेम अर्धा सेकंद लागतो, असे दिले आहे. दहा अंशांच्या फरकाने साडेआठ मिनिटांचे काम साडेतीन सेकंदांवर येते, हे लक्षात घेतले तर मांस भरपूर उकळत्या पाण्यात बराच वेळ शिजले असल्यास चिंता का नको आणि तव्यावर वरवर परतले असल्यास ती का हवी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तापमान मोजायला टोकदार सुईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो. तो आणल्यावर पेलाभर बर्फात थोडे पाणी घालून त्यात सुई बुडवावी. काटा शून्याच्या आसपास आला की उपकरण विश्वासू आहे. मग अख्खी कोंबडी किंवा मोठे तुकडे भाजताना मांडीच्या सर्वांत जाड भागात सुई खुपसावी, पण हाडाला टेकू देऊ नये, कारण हाडाजवळ आकडा चुकतो. पहिल्यांदा मोजणाऱ्याला हमखास धक्का बसतो. बाहेरून कातडी खमंग तांबूस झालेली असते, घरभर वास सुटलेला असतो, जेवणारे ताटावर बसलेले असतात आणि सुई ५८ किंवा ६१ दाखवत असते. आणखी दहा मिनिटे थांबून पुन्हा मोजावे. रंगावर विसंबू नये. हाडाजवळचे मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकते, आणि पांढरे झालेले मांस ६५ अंशांच्या खालीही असू शकते. थर्मामीटर नसेल तर जाड तुकडा मधोमध कापून पाहावा, आतून वाफ निघाली पाहिजे आणि पाझरणारा रस स्वच्छ असला पाहिजे. ही खूण मोजमापाइतकी पक्की नाही, पण नुसत्या रंगापेक्षा बरी. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सारखी पोहोचत नाही, म्हणून त्यात कच्चे मांस शिजवायचे असल्यास मधे थांबवून उलथावे आणि दोन-तीन ठिकाणी मोजावे.

अंडी

लागण झालेली कोंबडी लवकरच अंडी घालणे थांबवते, त्यामुळे अशी अंडी बाजारात येण्याची शक्यता कमी असते. पण लक्षणे दिसण्यापूर्वी घातलेल्या अंड्यात विषाणू असू शकतो, हे वर आलेच आहे. साथीच्या काळात बलक वाहता ठेवण्याचा मोह आवरावा आणि पांढरे व पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजवावे. कडक उकडलेले अंडे या दृष्टीने सर्वांत निर्धोक. घरी केलेले मेयोनीज, कच्चे अंडे घातलेले मूस, केकच्या मिश्रणाचे चाटलेले भांडे यांत अंडे कच्चेच असते, याचा पुष्कळांना विसर पडतो. असे पदार्थ करायचेच असतील तर पाश्चरीकृत अंड्याचा द्रव वापरावा. अख्ख्या अंड्याच्या द्रवासाठी जागतिक पशु आरोग्य संघटनेचे प्रमाण ६० अंशांना १८८ सेकंद असे आहे. तडकलेले आणि विष्ठेने माखलेले अंडे वापरू नये. कवच फोडल्यावर हात धुवावेत, कारण बाहेरची बाजू आतल्यापेक्षा अधिक दूषित असण्याचा संभव असतो.

दूध

गाईंची साथ येईपर्यंत या विषयात दुधाचे नावही नव्हते. गाईच्या कासेत या विषाणूला चिकटायला हव्या असलेल्या खुंट्या विपुल असतात, म्हणून आजारी गाईच्या दुधात विषाणूचे प्रमाण प्रचंड असते आणि दूध काढण्याच्या यंत्रांवाटे तो एका गाईकडून दुसरीकडे जातो. टेक्सासमधील एका गोठ्यावर आजारी गाईंचे निरसे दूध पाजलेल्या सुमारे दोन डझन मांजरांपैकी निम्म्याहून अधिक दगावली. प्रयोगशाळेत असे दूध पाजलेले उंदीरही आजारी पडले. ७२ अंशांना १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे हे पाश्चरीकरणाचे प्रचलित प्रमाण आहे, आणि वर सांगितलेल्या २९७ नमुन्यांची तपासणी म्हणजे त्याची प्रत्यक्षातली परीक्षाच होती. घरी दूध पूर्ण उकळी येईपर्यंत तापवले तर ते या दोन्ही तापमानांच्या बरेच वर जाते.

निरशा दुधाचे समर्थक त्यातील उपयुक्त घटकांचा दाखला देतात. त्यांच्याशी पोषणमूल्यांवर वाद घालण्याचे येथे कारण नाही. गाईंमध्ये साथ असताना ते पिऊ नये एवढेच सांगणे पुरेसे आहे. निरशा दुधाचे चीज साठ दिवस मुरवले की सुरक्षित होते, हा जुना दंडकही या विषाणूपुढे लटका पडला आहे. चीज पुरेसे आंबट नसेल तर त्यात विषाणू तेवढे दिवस टिकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

घरातील मांजर आणि अंगणातील पक्षी

आपण शिजवलेले खातो आणि मांजरासमोर कच्ची कातडी व कलेजी टाकतो, ही विसंगती साथीच्या काळात महाग पडते. मांजरे या विषाणूला विलक्षण बळी पडतात. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत दूषित कच्च्या खाद्यामुळे मांजर मेल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा मांजराला द्यायचे मांस उकडून आणि दूध उकळून द्यावे.

घरी चार कोंबड्या पाळणाऱ्याला मात्र ग्राहकापेक्षा जास्त धोका असतो. अमेरिकेत एच५एन१मुळे पहिला मानवी मृत्यू जानेवारी २०२५ मध्ये लुईझियाना राज्यात नोंदवला गेला. त्या रुग्णाचा संपर्क घरच्या पाळीव कळपाशी आणि रानपक्ष्यांशी आला होता. खुराड्यावर जाळी आणि छप्पर असावे, खाद्य व पाणी रानपक्ष्यांना पोहोचू नये अशा जागी ठेवावे, आणि खुराड्यात जाताना घालायच्या चपला तेथेच ठेवाव्यात. पक्षी अचानक मरू लागले, माना वाकड्या झाल्या, तुरे निळसर पडले, तर उरलेले पक्षी कापून खाण्याचा किंवा विकण्याचा विचारही करू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे आणि ते येईपर्यंत मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये.

यंत्रणेला विचारायचे प्रश्न

आता विश्वासाचा प्रश्न. ‘घाबरू नका’ या वाक्यावर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. यंत्रणा काय करते, हे मात्र तपासता येते. बाधित ठिकाणाभोवती किती अंतरापर्यंत निर्बंध लागू आहेत, हे विचारावे. युरोपीय संघाच्या नियमांत किमान ३ किलोमीटरचे संरक्षण क्षेत्र आणि १० किलोमीटरचे निगराणी क्षेत्र आखावे लागते. मारलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट कोठे व कशी लावली, हे विचारावे. आणि सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणजे पशुपालकाला भरपाई किती व किती दिवसांत मिळते. हा प्रश्न पैशाचा वाटतो, पण तो थेट अन्नसुरक्षेचा आहे : भरपाई तुटपुंजी असेल किंवा वर्षभर रखडणार असेल, तर रोग कळवण्यापेक्षा लपवणे फायद्याचे ठरते आणि आजारी पक्षी गुपचूप बाजाराकडे निघतात. देशांनी अधिकृतपणे कळवलेल्या साथींची माहिती जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या ‘वाहिस’ या खुल्या संग्रहात पाहायला मिळते. स्थानिक अधिकाऱ्याचे म्हणणे त्याच्याशी ताडून पाहावे.

साथ म्हणजे भाव वाढवण्यासाठी रचलेला बनाव, हा आरोपही अधूनमधून ऐकू येतो. साथीत भाव वाढतात हे खरे, आणि त्याचा लाभ उठवणारे व्यापारीही असतात. परंतु १९९७ च्या डिसेंबरअखेर हाँगकाँगने आपल्या हद्दीतील तेरा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या, आणि २०२२ पासूनच्या साथीत अमेरिकेने पंधरा कोटींहून अधिक पक्षी गमावले; या दुसऱ्या साथीच्या काळात सील, सागरी पक्षी आणि कोल्हेही मरत होते; त्यांचा बाजार कोणी मांडलेला नाही. लसीविषयीची शंका यापेक्षा विचार करण्याजोगी आहे. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देण्यास सुरुवात केली, चीनमध्ये तर कोंबड्यांना लस देणे पूर्वीपासून चालू आहे. लसीमुळे मांस खाण्यास अपायकारक होत नाही. खरी अडचण अशी की, लस दिलेल्या कळपात विषाणू लक्षणे न दाखवता फिरत राहू शकतो, म्हणून लसीकरणाबरोबर नियमित चाचण्या होतात की नाही हे पाहावे.

ताप आला तर

कच्चे मांस हाताळणाऱ्या, गोठ्यावर किंवा पोल्ट्रीत काम करणाऱ्या, मेलेला पक्षी उचललेल्या व्यक्तीला पुढील दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळ्यांची लाली जाणवली, तर तिने घरातल्यांपासून वेगळे राहावे आणि मास्क लावून डॉक्टरांकडे जावे. पक्ष्याशी किंवा निरशा दुधाशी आलेला संपर्क आपणहून सांगावा, डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नये. नेहमीच्या चाचणीत इन्फ्लूएन्झाचा ‘ए’ गट कळतो, पण तो हंगामी आहे की पक्ष्यांकडून आलेला, हे बहुधा कळत नाही. ती पुढची तपासणी डॉक्टर सांगतात ती रुग्णाच्या तोंडून संपर्काची हकीकत ऐकल्यावरच. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि अशा संशयित रुग्णाला अहवालाची वाट न पाहता ते सुरू करावे, असाच वैद्यकीय संकेत आहे.